रिकाम्या आकाशाचं वर्तुळ

मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळात मला सगळे 'टेलिस्कोपवाली' म्हणून ओळखत. संक्रांतीच्या पॉटलकला कुणीतरी काका हातात पेपर प्लेट घेऊन शेजारी येऊन बसणार आणि काल रात्री आकाशात काय पाहिलं असं विचारणार, हे ठरलेलं असे. मी रात्री काही पाहत नाही, रात्री मी झोपते, असं सांगितलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मलाही वाईट वाटायचं. लोकांच्या मनातला शास्त्रज्ञ थंडीत गच्चीवर कुडकुडत दुर्बिणीला डोळा लावून बसलेला असतो, आणि मी तर सकाळी नऊला डबा घेऊन ऑफिसला जाणारी बाई.

माझी दुर्बीण मी कधी पाहिलेलीसुद्धा नाही. ती पृथ्वीभोवती फिरते, खूप लांबून, कारण एक्स-रे आपल्या हवेतून खाली येतच नाहीत. आपल्या जिवाच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण ते पाहायचे तर हवेच्या बाहेर जावं लागतं. आम्ही वर्षातून एकदा अर्ज करतो, अमुक जागी इतका वेळ बघा म्हणून. बहुतेकांचे अर्ज नापास होतात. पास झाला तर काही महिन्यांनी तारखेची ईमेल येते, त्या दिवशी दुर्बीण तिकडे तोंड करते, आणि आपण त्या वेळी कदाचित इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडत असतो. सगळा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. नंतर हाती येते ती एक यादी: अमुक क्षणी, कॅमेऱ्यावर अमुक ठिकाणी, अमुक ताकदीचा प्रकाशाचा एक कण येऊन पडला. असे हजारो कण, एकाखाली एक.

एका काकांना मी त्या यादीतून केलेलं चित्र फोनवर दाखवलं. काळ्यावर पांढरे ठिपके. ते म्हणाले, हे तर तीळ सांडल्यासारखं दिसतंय. माझा स्वभाव तापट. मी म्हटलं, काका, यातला एकेक तीळ कोटभर वर्षं चालत आलाय, माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या आधी निघालेला आहे तो. काका खायचे थांबले. मग त्यांनी शांतपणे विचारलं, त्याच्याबरोबर निघालेले बाकीचे कुठे गेले? मी म्हटलं, सगळीकडे. आपल्या कॅमेऱ्यात पडले ते एवढेच. काका बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिले आणि मला माझ्या तापटपणाची लाज वाटली. त्यांचा प्रश्न मी स्वतःला कित्येक वर्षांत विचारला नव्हता.

ते ठिपके एका दीर्घिकेचे होते. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं एक गाव. ही आपल्याला कडेवरून दिसते, ताटली डोळ्यांसमोर आडवी धरावी तशी. तिच्या मध्यावर तारे जन्माला येण्याची नुसती झुंबड उडालेली आहे. त्यातले जे अंगाने मोठे, ते अल्पायुषी. लवकर पेटतात, लवकर फुटतात, आणि इतके फुटले की आजूबाजूचा वायू लाखो अंशांपर्यंत तापतो. तो ताटलीच्या वरून आणि खालून बाहेर निसटतो. त्याला आम्ही वारा म्हणतो. तो साध्या दुर्बिणीला दिसत नाही, एक्स-रे पाहणाऱ्या दुर्बिणीला दिसतो. तारे असे धडाधड जन्मत असतील तिथे हा वारा असायचाच.

माझ्या दीर्घिकेला तो नव्हता. ओहायोमध्ये पीएच.डी. करताना मी तिचा जुना डेटा तपासून दाखवलं होतं, की इतके तारे फुटूनही हिच्याबाहेर गरम वायू नाही. त्यावर माझा प्रबंध झाला, शोधनिबंध छापून आला, आणि परिषदांमध्ये लोक मला विचारायला लागले, वारा नसलेल्या दीर्घिकेवाली ती तूच का? खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. मॅसॅच्युसेट्समधली तीन वर्षांची नोकरीही मला त्यावरच मिळाली. वारा का नाही, हे शोधून काढायचं होतं. त्यासाठी नवा, खूप लांबलचक वेळ मागितला आणि तो मिळालासुद्धा.

त्या नोकरीची मुदत जूनमध्ये संपत होती. माझ्या प्रोफेसरबाईंनी सांगितलं होतं की नव्या डेटावरचा निबंध वेळेत झाला तर नेमणुकीची कमिटी आणखी दोन वर्षं देईल, आणि त्या दोन वर्षांत कुठेतरी कायमची जागा मिळण्याची आशा होती. इकडे माझा नवरा वूस्टरच्या एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होता आणि त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटजवळ, त्याच्या मनासारखी नोकरी चालून आली होती. तिथे माझ्या विषयाचं काही नव्हतं. आमचं ठरलं होतं: माझी मुदत वाढली तर श्रूजबरी, नाहीतर फ्रीमाँट, आणि मग मी इतरांसारखी एखाद्या कंपनीत डेटाचं काम बघायचं. त्याला मार्चच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तो त्याबद्दल एक अक्षर बोलत नसे, त्यामुळे मला त्याचा जास्तच राग यायचा.

फेब्रुवारीत दुर्बिणीने सव्वा दिवस माझ्या दीर्घिकेकडे पाहिलं. आठवड्याभरात यादी हातात आली.

इथे मला आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. कॅमेऱ्यावर पडणारा प्रत्येक कण दीर्घिकेचा नसतो. काही भलतीकडचे असतात, काही कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कुरबुरी असतात. ही भेसळ वजा करावी लागते. तिला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. ती किती आहे हे कळण्यासाठी आम्ही चित्रात जिथे काही नाही अशी जागा बघतो, तिथे माउसने एक वर्तुळ काढतो, त्यातले कण मोजतो आणि त्या हिशेबाने सगळ्या चित्रातून तेवढे काढून टाकतो. विद्यार्थीदशेत शिकलेला नियम असा, की वर्तुळ जवळचंच घ्यावं. म्हणजे तोच दिवस, तोच कॅमेरा, तीच परिस्थिती. मीही तसंच केलं होतं. दीर्घिकेच्या वर, उजव्या हाताला, एक छान काळा कोपरा होता. तिथलं वर्तुळ मी इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटून काढलं असतं.

नव्या चित्रात ते वर्तुळ कॅमेऱ्याच्या बाहेर पडलं. यात आश्चर्य काही नव्हतं. दुर्बिणीला विजेसाठी आपली सौर पॅनेल्स सूर्याकडे ठेवावी लागतात, म्हणून ऋतूप्रमाणे तिचा कॅमेरा तिरका होतो. जुना डेटा ऑक्टोबरचा होता, हा फेब्रुवारीचा, त्यामुळे कॅमेऱ्याचा चौकोन वेगळ्या कोनात बसला होता. माझा लाडका कोपरा कापला गेला. मी जरा वैतागून थोडं पलीकडे, दीर्घिकेपासून आणखी दूर, दुसरं वर्तुळ काढलं आणि वजाबाकी केली.

दीर्घिकेच्या वर पुसटसं काहीतरी उरलं.

मी म्हटलं, वर्तुळ चुकलं. आणखी दूर काढलं. पुसट होतं ते वाढलं. मग मी चौकोनाच्या पार कडेला गेले, तर दीर्घिकेच्या वर आणि खाली दोन्हीकडे धुकं पसरलेलं दिसलं. वर्तुळ जितकं लांब न्यावं तितकी दीर्घिका मोठी होत होती. हे सगळं भर सकाळी, खिडकीतून बर्फावरचं ऊन टेबलावर आलेलं असताना. माझ्या हातातला चहा निवला.

त्यानंतरचे दोन दिवस मी काय केलं ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी जुनं उत्तर परत देणारं वर्तुळ शोधत बसले. खूप वर्तुळं काढली. दीर्घिकेला अगदी चिकटून, डाव्या बाजूला, मला एक तसं सापडलं. ते घेतलं की धुकं गायब, वारा नाही, प्रबंध शाबूत. त्याचं समर्थनही तयार होतं: बॅकग्राउंड जवळचंच घ्यावं, पुस्तकातच लिहिलंय. मी त्या वर्तुळाने सुंदर आकृती तयार केली, तिला नाव देऊन ती साठवली, आणि घरी जाऊन उगाच नवऱ्याशी डिशवॉशरवरून भांडले.

तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. आम्ही कॉस्टकोहून सामान घेऊन परत येत होतो, तो गाडी चालवत होता. जवळचं वर्तुळ ठेवलं तर निबंध महिन्याभरात होतो आणि आपण इथे राहतो, असं मी म्हटलं. लांबचं घेतलं तर माझा प्रबंध चुकीचा ठरतो, आणि पुढे काय होईल ते देव जाणे. कुणाला कळण्याची शक्यता फारशी नाही, हेही सांगितलं. रूट नाइनवर दोन सिग्नल गेले.

"मी यात काही बोलणार नाही," तो म्हणाला. "तू पेपर मागे घेतलास तर आपण फ्रीमाँटला जातो, आणि मला तर जायचंच आहे. माझं ओपिनियन बायस्ड आहे, यार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सल्ला हवा होता, आणि हा माणूस प्रामाणिकपणा दाखवत होता. उरलेल्या रस्त्यात मी त्याच्याशी बोलले नाही. पण घरी पिशव्या उतरवताना माझ्या लक्षात आलं, की तो हवं ते बोलू शकला असता. बरोबर आहे, खरं तेच सांग, असं म्हणून मोठा साधू झाला असता आणि त्याचं कामही झालं असतं. माझ्या साठवलेल्या आकृतीपेक्षा त्याचं ते एक वाक्य कितीतरी स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्तुळ काढायचंच बंद केलं. आमची दुर्बीण चालवणारे लोक वर्षानुवर्षं आकाशाच्या खरोखर मोकळ्या भागांचा डेटा गोळा करून ठेवत आले आहेत, ज्याला हवा त्याने वापरावा म्हणून. तो जुळवून घेणं कटकटीचं असतं, म्हणून मी आजवर त्याच्या वाटेला गेले नव्हते. दोन दिवस खपून ते मोकळं आकाश जुळवून घेतलं आणि माझ्या चित्रातून वजा केलं. मग जो माझा लाडका काळा कोपरा होता त्याच्याजवळचे कण वेगळे काढून, कुठल्या ताकदीचे किती, असा आलेख काढला. भेसळीचे कण तिथे सपाट रेघेसारखे यायला हवे होते. त्या रेघेतून दोन टेकाडं वर आली होती. मी ती ओळखली. एक निऑनचं आणि एक मॅग्नेशियमचं.

मोकळ्या आकाशात एवढं मॅग्नेशियम कुठून येणार? ते ताऱ्यांच्या पोटात शिजतं. तारा फुटतो तेव्हा बाहेर पडतं. माझ्या रिकाम्या कोपऱ्यात फुटलेल्या ताऱ्यांची राख होती, लाखो अंशांवर धगधगणारी.

वारा होता. तो इतका मोठा होता की जुनं सगळं चित्र त्यात बुडालेलं होतं. मी आठ वर्षं वाऱ्याच्या आत वर्तुळ काढत होते, त्यालाच रिकामं आकाश म्हणत होते, आणि वाऱ्यातून वारा वजा करून लोकांना सांगत होते, बघा, शून्य. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसू यायला हवं होतं, पण मला रडू आलं, आणि ते प्रबंधासाठी नव्हतं.

मी ती सबंध सकाळ नुसती त्या चित्राकडे बघत काढली. मधोमध ती ताटली, बोटभर. तिच्या वर आणि खाली पसरत गेलेली ती उष्णता, ताटलीच्या कितीतरी पट उंच, पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत आणि खालच्या कडेपर्यंत. कडेजवळ कण इतके विरळ होते की एका बारक्या चौकोनात तासाभरात एखादाच आला होता. मी यादीत एकेकाची वेळ वाचत गेले. एक आला. मग पन्नास मिनिटं काही नाही. मग आणखी एक. त्यांच्यापैकी एखादा निघाला तेव्हा पृथ्वीवर नुसती वानरं होती, आणि तो इतका काळ सरळ रेषेत चालत आला आणि एका मंगळवारी, मी बहुधा जेवत असताना, त्या हातभर कॅमेऱ्यात येऊन पडला. जुन्या डेटातही असे आले होते. मी त्यांना कचरा म्हणून काढून टाकलं होतं. मला त्यांची अक्षरशः क्षमा मागावीशी वाटली. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी मला झालं. मी फारशी देवळात जाणारी नाही, तरी दुसरा शब्द सापडत नाही.

प्रोफेसरबाईंकडे मी त्याच दुपारी गेले. अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे त्यांना सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही केल्या रेटत नाही, म्हणून तीन वर्षं मी त्यांना हाकच मारलेली नव्हती. दारात जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी वर बघेपर्यंत थांबायचे. त्या दिवशीही तशीच उभी राहिले. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, माझा प्रबंध चुकला आहे. मग जुनं वर्तुळ कुठे होतं ते बोटाने दाखवलं. दोन दिवस खोटं वर्तुळ शोधत होते, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, आई म्हणाली असती, हात दाखवून अवलक्षण. पण पितळ उघडं पाडायचंच, तर मग अर्धंच कशाला?

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतक्या पुढे झुकल्या.

"मी असते तर मीही तिथेच वर्तुळ काढलं असतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच हे जास्त वाईट आहे." आणि थोड्या वेळाने, "याची कड कुठे आहे?"

मी म्हटलं, कड सापडलेली नाही. चित्र संपतं, वारा संपत नाही.

त्या मागे टेकून बसल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि मला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं, की हे बघून मोडून पडलेली मी एकटी नाही. पण त्या मला खोटा धीर देणाऱ्या नव्हत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं: जुना निबंध मागे घ्यावा लागेल. नवा होईल, तो जास्त चांगला होईल, पण त्याला वर्ष लागेल. आणि कमिटीने मला ठेवलं होतं ते वारा का नाही, याचं उत्तर शोधायला. तो प्रश्नच मी आज मोडून टाकला होता. त्या माझ्यासाठी भांडतील, मात्र जूनच्या आत काही होईल असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या खरोखर भांडल्या. काही झालं नाही.

नवऱ्याला मी मार्चच्या त्या शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी सांगितलं, कळवून टाक, आपण येतोय. त्याने विचारलं, नक्की? मग मी त्याला ते चित्र दाखवलं, कारण तोवर दाखवलंच नव्हतं. दीर्घिका कुठली आणि वारा कुठला ते समजावलं. तो म्हणाला, "हे सगळं तू डिलीट करत होतीस?" मी हो म्हटलं. त्याने माझा हात धरला आणि फ्रीमाँटला ईमेल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, मी झोपेत असताना पाठवली. माझ्यासमोर पाठवायला त्याला जड गेलं असावं.

निबंध मागे घेतल्याची सूचना जूनमध्ये छापून आली. मी लिहिलेल्या सगळ्या लिखाणात ती सर्वांत लहान आहे. त्यात एक वाक्य असं आहे, की ज्या भागाला लेखिकेने रिकामं आकाश मानलं होतं, तो भाग रिकामा नाही. खाली माझं नाव. ते वाक्य लिहायला मला एक अख्खा दिवस लागला आणि आजही ते मला पाठ आहे.

आता मी फ्रीमाँटला राहते. डिलिव्हरीच्या गाड्यांना कमी ट्रॅफिकचा रस्ता सुचवणाऱ्या कंपनीत काम करते आणि स्वतः रोज फ्रीवेवर तासभर अडकते. काम वाईट नाही. माझी दीर्घिका बाईंनी पुण्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीला दिली. जाण्यापूर्वी चार आठवडे मी तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. ती मला ताई म्हणते. मला तिचा हेवा वाटतो, आणि तसं मी तिला सांगितलंही आहे. तिने आणि बाईंनी मिळून नवा अर्ज केला, दीर्घिकेच्या आणखी बाहेरच्या भागाकडे बघण्यासाठी, जिथे वारा नक्की संपत असेल अशी आमची सगळ्यांची खात्री होती. अर्ज पास झाला. त्यावर माझं नाव नाही, आणि नसणंच बरोबर आहे. मी आता त्या कामात नाही.

गेल्या महिन्यात एका बुधवारी, मीटिंगला पाच मिनिटं असताना तिचा मेसेज आला. सोबत नवं चित्र होतं. मी ते बोटांनी मोठं केलं. दीर्घिका त्यात नव्हतीच, ती खाली कुठेतरी बाहेर राहिली होती. नुसता काळोख आणि त्यात विखुरलेले ठिपके. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात तिने एक छोटं हिरवं वर्तुळ काढलं होतं आणि लिहिलं होतं, "ताई, इथे काहीच नाहीये. इथलं बॅकग्राउंड घेऊ का?"

ऑफिसच्या जिन्याच्या पायरीवर बसून मी त्या वर्तुळातले ठिपके मोजले. अकरा होते. इतक्या थोड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी लोकांना शिकवलेलं आहे. तरी मी ते पुन्हा एकदा मोजले. मीटिंगची घंटा फोनवर वाजली, लोक मला वळसा घालून वर गेले. मी तिला लिहिलं, "नको. अजून लांब जा."